फल्लीवाल्या बाईला विचारा

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मी चॅटबॉटच्या नादी लागलो. सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत गेली. लाखनीची कधी लागेल, भंडाऱ्याची गेली का, हेच आयुष्यभर ऐकलं. वाटलं, ही उत्तरं आता लोकांना फोनवरच मिळावीत. वर्गणी नाही, सरकारी योजना नाही; हौस माझी, तेव्हा खर्चही पदरचा. व्हिडिओ बघून बघून शिकलो. एका जाड वहीत प्रत्येक गावाला एक पान दिलं, प्रश्न लिहिले, समोर उत्तरं. बायको म्हणाली, "खिडकी सुटली, पन सवय काही सुटून नाई राहिली तुमची."

पहिली परीक्षाही तिनंच घेतली. "सिहोऱ्याले संध्याकाळी गाडी हाये का?" चॅटबॉटनं लगेच सांगितलं: होय, साडेपाचला सुटेल, आपला प्रवास सुखाचा होवो.

सिहोऱ्याचं पान तर अजून कोरं होतं. ही वेळ मी त्याला दिलीच नव्हती. त्यानं ठोकून दिलं होतं, आणि तेही इतक्या अदबीनं की बायको खूश झाली. हा तर हुबेहूब मीच होतो.

नोकरीतली एक दुपार आठवली. खिडकीशी एक तरुण बाई आली होती, कडेवर लेकरू. सिहोऱ्याला तिचा बाप शेवटच्या घटका मोजत होता. स्थानकाच्या फाटकाशी भाजलेले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, विकणारी बाई तिला सांगत होती, "गाडी चार दिवसापासून येऊन नाई राहिली. थे जीप पकड." तरी तिनं खात्रीसाठी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. पण फल्लीवालीसमोर तसं कबूल करायचं? त्या बाईवर माझा जुना राग होता. लोक मला विचारायचे आणि मग हळूच तिच्याकडे जायचे.

"साडेपाचला लागेल," मी ठणकावून सांगितलं.

जीप गेली. गाडी आली नाही. मी खिडकी लावून वेळेवर घरी आलो. फल्लीवालीनं त्या रात्री तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, हे दुसऱ्या दिवशी कानावर आलं. बाप भेटला की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. इतकी वर्षं ते पोटात घेऊन वावरलो.

चॅटबॉटच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन फाटकाशी गेलो. बाई तिथेच होती, केस पांढरे झालेले. म्हटलं, "बाई, मले तुमच्याकडून शिकाचं हाये." तिनं बसायला पोतं सरकवलं. मग मी रोज जाऊ लागलो. ड्रायव्हर दाणे घ्यायला आला की ती विचारायची, उद्या तूच येशील ना? कोणती गाडी बाजाराच्या दिवशी थांबत नाही, कोणती लग्नसराईत दुसरीकडे जाते, सगळं तिला असं कळायचं. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की सरळ म्हणायची, "मले नाई मालूम. थांब, इचारून सांगतो." एवढं वाक्य मला उभ्या नोकरीत जमलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून घेतलं. चॅटबॉटला आता सगळ्यांत आधी तेच शिकवायचं ठरलंय. काही शिकायला मिळालं असेल तर ते त्या पोत्यावर बसून, आणि शिकवणारीनं माझा जुना तोरा एकदाही बोलून दाखवला नाही.

एक दिवस धीर करून मीच विषय काढला. "थे सिहोऱ्याची बाई. माही चूक झाली होती."

ती दाणे परतत राहिली. "भेटला तिचा बाप. सकाळच्या पहिल्या जीपमंधी मीच बसवलं तिले. दोन दिवस बोलत होता म्हने लेकीसंग. अजून येते थे, माह्याकडून फल्ली नेते."

छातीवरचा धोंडा उतरला. तिचे पाय धरावेसे वाटले. तरी विचारलं, "मंग मले कधी सांगतलं काहून नाई, बाई?"

तिनं गरम दाण्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. "तुमी चौकशीवाले, बाबूजी. तुमी कधी इचारलंच नाई."