खोड सांगितलेली गाडी

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांची कलमं मी आता विसरलो. विसरलेलंच बरं. पण धुळ्यातला एक साधा अर्ज, ज्याचा शेवटी गुन्हासुद्धा नोंदला गेला नाही, तो मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी जेवताना मध्येच आठवतो आणि घास हातात राहतो.

नव्वदीची सुरुवात असेल. धुळ्याच्या एका पोलीस ठाण्याचा मी निरीक्षक होतो. मुलांच्या शाळेमुळे घरची मंडळी जळगावला आणि मी इथे क्वार्टरमध्ये एकटा. दोन वेळा खानावळ, बाकी सगळा वेळ ठाणं. त्या दिवशी सकाळची हजेरी घेऊन नुकताच खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात हवालदार एका वयस्कर गृहस्थांना आत घेऊन आले. डोक्याचा नुकताच गोटा केलेला, स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं. सावद्याकडचे केळीवाले शेतकरी. गावात त्यांना आबा म्हणत. मीही पुढे तेच म्हणू लागलो.

"सायब, माह्यी फसवनूक झाली," ते उभ्यानेच म्हणाले. "मले गाडी इकली, अन् गिअरची खोड काई सांगतली नाई."

त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि जबाब घ्यायला लागलो. आबांच्या बायकोला दम्याचा त्रास होता. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला. घरात ही दोघंच. एसटीत चढताना बायकोची दमछाक व्हायची, म्हणून आबांनी साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकून धुळ्याच्या एका एजंटाकडून जुनी पांढरी मोटार घेतली. या गाडीचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मध्येच अडकायचा. मग खाली उतरून बॉनेट उघडायचं आणि गिअरची दांडी हाताने ठोकून मोकळी करायची.

एका दुपारी बायकोचा दम वाढला. आबा तिला जळगावच्या दवाखान्यात घेऊन निघाले. वाटेत रेल्वेच्या फाटकापुढे गिअर अडकला. फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, आणि आबा बॉनेटमध्ये डोकं घालून दांडी ठोकत राहिले. त्या दिवशी ती सुटलीच नाही.

"मी ठोकतोय, अन् ती मांगून म्हनते, 'राहू द्या, आधी घाम पुसा.'" शेवटी एका मॅटाडोरवाल्याने तिला उचलून नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वेळेत आणलं असतं तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आबांनी तेरावा उरकला आणि थेट माझ्याकडे आले.

खरं सांगायचं तर मला त्या एजंटाचा संताप आला. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करायची म्हणून अर्ज ठेवून घेतला आणि आबांना चार दिवसांनी बोलावलं. ते दुसऱ्याच दिवशी आले. दोन एसट्या बदलून. "काई कयलं का?" म्हणजे काही कळलं का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. असं तीनदा झालं. त्यांचं ठाण्यात काही काम नव्हतं हे मला दिसत होतं. पण रिकाम्या क्वार्टरकडे जायला माझेही पाय उचलत नसत, त्यामुळे मी त्यांना हटकलं नाही.

दरम्यान हवालदारांनी खबर आणली. हायवेलगतच्या दुसऱ्या एका एजंटाने ती दिली होती. हवालदार पक्के अहिराणी. म्हणाले, "सायेब, बठ्ठा धुयाले माहीत शे ती गाडी. तिना गिअर अटकस. दोन गिऱ्हाइके परत करी ग्यात."

म्हणजे गिअर अडकतो हे सगळ्या धुळ्याला माहीत होतं, दोन गिऱ्हाइकं गाडी परत करून गेली होती, आणि एजंटाला दोष ठाऊक होता. मी ताबडतोब त्याला उचलून आणायला सांगितलं.

एजंट पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ होता. त्याचा बाप बैलांचा दलाल होता. बैलांचा धंदा बसला तसा हा मोटारींकडे वळला. मेंदीने रंगवलेली दाढी, ऑइलने काळी झालेली नखं. चौकशीत आपले पत्ते आधी उघडायचे नाहीत ही माझी जुनी सवय. म्हणून फसवणुकीचा अर्ज आहे एवढंच त्याला सांगितलं. आबांची बायको गेली, हे मुद्दामच बोललो नाही.

"साहेब, खोड सांगितल्याबिगर मी गाडी देत नाही," तो म्हणाला. "आबांना बॉनेट उघडून दाखवलं. बोललो, आठ दिवसांत मिस्त्रीकडे टाका, आतला एक भाग बदलावा लागतो."

"कागद आहे?"

"कागद कसला? सौदा उपरण्याखाली झाला. आबांनीच उपरणं पुढे केलं."

हे ऐकून हवालदारांना हसू आलं, मला आलं नाही. मी शिरपूरकडचा. लहानपणी वडिलांचं बोट धरून गुरांचे बाजार पाहिलेले. तिथे सौदा कापडाखाली बोटांनी होतो, भाव चारचौघांत बोलत नाहीत. आमच्याकडे बैलाला खोड असली, म्हणजे तो मारका असला किंवा औताला जुंपल्यावर खाली बसत असला, तर विकणाऱ्याने ती तोंडाने सांगायची. घेणाऱ्याला चालत असेल तर त्याने कापडाखाली एक बोट मिटायचं. तेवढा भाव उतरतो आणि खोड घेणाऱ्याच्या पदरात पडते. पुढे त्या खोडीची तक्रार करायची नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय साहेब, त्यांनी बोट मिटलं."

मी आवाज चढवला. कापडाखालच्या बोटाला साक्षीदार कुठून आणायचा? खोटं पचवायला चांगली जागा शोधलीस, असंही म्हणालो. दोन दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ हजेरीला बोलावलं. तो शब्दाने बदलला नाही. अट्टल लबाड माणूस दर वेळी गोष्ट थोडी सजवून सांगतो. हा तेच चार शब्द सांगत होता, आणि त्यामुळे मी मनातून हललो. शेवटी दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं.

आबा आले. एजंट उठून उभा राहिला आणि त्यांच्या डोक्याकडे बघत राहिला.

"आबा, घरात कोण गेलं?" त्याने विचारलं.

"मंडळी," आबा म्हणाले. "तिच्यासाठीच गाडी घेतली व्हती. वाटेत अटकली."

मी अर्ज वाचून दाखवला आणि एजंटाला रीतसर विचारलं, "गिअरचा दोष यांना सांगितला होता की नाही?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आबांकडे बघत म्हणाला, "नाही साहेब. नव्हतं सांगितलं. चूक माझी. लिहून घ्या."

मी चक्रावलो. दोन दिवस दम देऊन जे निघालं नाही, ते आता न मागता ताटात वाढलं होतं. एवढ्यावर गुन्हा नोंदवता आला असता. माझं पेन कागदावर टेकलंही.

"खोटं नको बोलू भाऊ," आबा म्हणाले. आवाज अगदी हळू. "तू सांगतलं व्हतं. बॉनेट उघडून दावलं व्हतं. म्याच बोट मिटलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी लिहायचं विसरलो. जन्मभर त्यांनी खोडीचे बैल घेतले होते. हात फिरवून, नावाने हाक मारून, पाठ न दाखवता वागवलं की दोन-तीन महिन्यांत बैल हातचा व्हायचा आणि खोड विसरायचा. यात त्यांचं गावात नाव होतं. गाडीचंही तसंच होईल असं त्यांना वाटलं. रोज सकाळी ते गाडी शेतापर्यंत नेऊन गिअर हलक्या हाताने टाकायचे. मिस्त्रीकडे नेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. बायको म्हणाली होती, एकदा दाखवून आणा. ते म्हणाले होते, माझ्या हाताला येतोय आता.

"सायब, मले वाटलं, यानं पोलिसापुढं म्हनलं की सांगतलं नव्हतं, तर मलेबी तसंच वाटन," ते म्हणाले. "यानं म्हनलं. पन मले नाई वाटलं."

एजंटाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नसतं. एजंट म्हणाला, "आबा, गाडी माझ्याकडे धाडा. गिअर नीट करून देतो. काही घेणार नाही."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कोनाले बसवू तिच्यात?"

मी अर्ज दफ्तरी दाखल केला. 'अर्जदाराची तक्रार नाही' असा शेरा मारला. शेरा ठरावीक असतो, तोच मारावा लागतो. आबांनी सही केली आणि विचारलं, संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथे बसलं तर चालेल का, घरी जाऊन काय करू. मी त्यांना खानावळीत नेलं. दोघं जेवलो. निघताना ते म्हणाले, अर्ज संपला म्हणजे आता इथे यायचं काही कारण उरलं नाही. मी म्हणालो, कारण कशाला लागतं, या की. ते कधी आले नाहीत. मीही सावद्याकडे कधी गेलो नाही, आणि बदली, बंदोबस्त ही सगळी कारणं नंतर मी स्वतःला सांगितली.

नवीन मुलं भरती झाली की त्यांना मी सांगायचो, फिर्यादी सांगतो ते तपासा आणि तो का सांगतोय तेही तपासा. हे शिकवताना मी आबांचं नाव कधी घेतलं नाही. एक मात्र कोणाला सांगितलं नाही. त्या दुपारी आबा बोलले नसते, तर एजंटाचं खोटं मी आनंदाने लिहून घेतलं असतं. ते खोटं आहे असा संशय मला होता. तरीही एका म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप यावी म्हणून मी दुसऱ्याला कोठडीत घातलं असतं. त्या खोलीत कायदा माझ्या हातात होता, आणि खरं बोलायची हिंमत एकट्या आबांनी केली. ती करून ते संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या घरी गेले.