बाबांच्या शुगरचा ग्राफ आणि आईच्या तिथी

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी, इकडे हिंदी मुलखात, दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरी, मी बाबांच्या शुगरचा ग्राफ काढायला बसले. मंगळवारी पडाव भागातल्या डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि या वेळी ते इन्सुलिन सुरू करणार अशी सगळ्यांनाच धास्ती होती.

बाबा रोज दुपारी खाणं झाल्यावर शुगर तपासतात आणि आकडा फॅमिली ग्रुपवर टाकतात. गोड बंद, भात बंद... तरी मधूनच आकडा उसळी मारायचा. बाबांच्या मते टेन्शन. रिटायर माणसाला कसलं टेन्शन, असं विचारलं की त्यांना आणखी टेन्शन यायचं.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून हेच काम करते, पायथॉनमध्ये कोड लिहून ग्राफ काढायचं. म्हटलं, चहा निवेपर्यंत होईल. पहिल्या ग्राफमध्ये खालच्या तारखा एकमेकींवर चढून बसल्या. आईने चष्मा लावून विचारलं, "ह्या मुंग्या कसल्या गं?"

मग तारखा तिरक्या केल्या. त्या वाचायला बाबांनी मान तिरकी केली... आणि ती तिथेच धरली. पुढचा सगळा वेळ गरम पाण्याच्या पिशवीत गेला.

शेवटी आठवड्याला एकच तारीख ठेवली. इतका सुटसुटीत ग्राफ, की ऑफिसात दाखवावा! आईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तारखेत काय ठेवलंय? तिथी लिही ना, म्हणजे कळेल तरी."

मी चिडलेच. पण अक्षावर तारखेऐवजी आपल्याला हवं ते नाव लावायची सोय पायथॉनमध्ये असते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरमधून सांगत गेली, मी टाइप करत गेले. सगळ्या तिथींची गर्दी नको, म्हणून फक्त एकादशी आणि संकष्टी ठेवल्या... आणि रन केलं.

तिघंही स्क्रीनवर वाकलो.

एकादशी, आकडा वर. संकष्टी, आकडा वर. मधले सगळे दिवस शहाण्या मुलासारखे खाली बसलेले.

गोड बंद झाल्यापासून बाबा फार भाविक झाले होते. एक उपास सोडत नव्हते. आम्हाला कोण कौतुक! आता मात्र एकदम सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी आली, आणि तिच्या बाजूला शिंगाड्याचा शिरा. उपासाचं गोड गोडात धरत नाहीत, असा आमच्या घरी समज होता.

"करते तर मीच," आई हळूच म्हणाली.

"देवाचं आहे, त्याने काय होतंय!" बाबा म्हणाले... पण आवाजात दम नव्हता.

मंगळवारी डॉक्टरांनी ग्राफ पाहिला, मग चष्म्यावरून बाबांना पाहिलं. "अंकल, ये हर ग्यारस को आप खाते क्या हैं?" एकादशीला इकडे ग्यारस म्हणतात.

"कुछ नहीं," बाबा ताठ बसून म्हणाले, "व्रत रहता है."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली. मग आईने खरं काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "पहले ये व्रत बंद कीजिए. इन्सुलिन की बाद में देखेंगे."

येताना ऑटोत बाबा एकदम म्हणाले, "तसं पाहिलं तर भक्ती मनातच असावी लागते." आई तोंडाला पदर लावून हसत राहिली.

काल एकादशी होती. बाबांनी दुपारी मुकाट्याने पोळी-भाजी खाल्ली आणि आकडा ग्रुपवर टाकला. अगदी शहाणा आकडा!

इतकी वर्षं ग्राफ काढतेय... लोक "नाइस" म्हणतात आणि पुढची स्लाइड मागतात. "मला कळेल असं लिही" असं कुणी हक्काने म्हणालं नव्हतं, आणि तसं लिहिल्यावर मलाच काही कळेल असंही कधी वाटलं नव्हतं. थँक यू, आई.