उलट्या बाणांची पेटी

आत्या भिंतीला पेला लावून शेजाऱ्यांची भांडणं ऐकते आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय ते चिठ्ठ्यांवर टिपून ठेवते, अशी गल्लीत पक्की खबर होती. खबर आणली मीटर वाचणाऱ्याने. आत्याच्या कारखान्यात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या होत्या. एकीवर ‘चुलत’ आणि वर जाणारा बाण, दुसरीवर ‘सावत्र’ आणि खाली जाणारा. संध्याकाळपर्यंत प्रत्येक जिन्यावर एकच चर्चा, वरच्या मजल्यावरचे चुलत कोण आणि खालचे सावत्र कोण. दोन घरांनी तर खबरदारी म्हणून एकमेकांशी बोलणंच टाकलं.

खरी गोष्ट इतकीच की आत्या बाजाच्या पेट्या सुरात लावायची आणि त्या चिठ्ठ्या सुरांच्या होत्या. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून मोकळे होतात. पण गाणाऱ्याचा गळा त्या बारा घरांत मावत नाही, दोन घरांमधल्या बोळातही त्याचं येणंजाणं असतं. म्हणून आत्याच्या वडिलांनी ज्यादा पट्ट्यांची पेटी काढली. बोळांना नावं हवीत, तर ती त्यांनी नात्यागोत्यातली दिली. दोन सूर एकत्र धरले आणि आवाज अगदी स्थिर राहिला, तर ते अंतर सख्खं. त्यात एखादी संथ लाट उठली तर चुलत. लाटा घाई करू लागल्या तर मावस, आणि कान झाकावासा वाटला तर सावत्र. तेही कुणा ना कुणा गवयाला हवंच असतं. सूर सख्ख्याहून चढा असला तर बाण वर, उतरा असला तर खाली. अशी एकेक चिठ्ठी प्रत्येक पट्टीच्या खाली चिकटवलेली. ती वाचायची आणि कानस उचलायची. पट्टीमागची, वाऱ्याने वाजणारी पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो.

आत्याला कान वडिलांकडून मिळाला होता, संशय मात्र तिची स्वतःची कमाई. दुकानदाराने “कशा आहात?” विचारलं तरी घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात चक्र सुरू, ह्याला काय काढून घ्यायचंय. मोठा भाऊ लाकडाची खोकी बनवायचा आणि रंध्याच्या आवाजात सुखी असायचा. वहिनी भाते शिवायची. शिवता शिवता आत्याचा हात बघून तीही सूर घासायला शिकली होती. पण अख्खी पेटी एकटीने लावू द्या म्हटलं की आत्या म्हणायची, “बघू.” ह्या ‘बघू’ला वहिनीचे केस पिकू लागले होते.

त्याला कारण होतं. पलीकडच्या रस्त्यावर दुसरा पेटीवाला होता, बोलायला इतका गोड की गल्लीत त्याला साखऱ्या म्हणत. वहिनीचा सख्खा भाऊ त्याच्याकडे पॉलिशच्या कामाला. एकदा साखऱ्या “भात्याचं चामडं कुठून घेता?” विचारायला आला आणि उघड्या पेटीसमोर मोबाईल हातात धरून बराच वेळ नेटवर्क शोधत उभा राहिला.

“नेटवर्क पेटीत असतं का हो?” आत्याने वहिनीला विचारलं.

“मला काय माहीत, वन्सं.”

“तुम्हाला नसेल. तुमच्या भावाला असेल.”

वहिनीने सुई अशी काही टोचली की चामडंसुद्धा कळवळलं असेल.

त्याच आठवड्यात आत्याने सगळ्या चिठ्ठ्या काढून नव्या चिकटवल्या. नावं तीच, बाण मात्र उलटे. वर म्हणजे खाली, खाली म्हणजे वर. सांगितलं कुणालाच नाही, वहिनीला तर नाहीच. साखऱ्या चामड्याच्या निमित्ताने पुन्हा नेटवर्क शोधायला आला, तेव्हा तिने पेटी मुद्दाम उघडी ठेवली. भिंतींना कान असले तरी आता उपयोग शून्य, अशा समाधानात ती पुढचा महिनाभर गुणगुणत होती.

मग तिची दाढ सुजली. गाल इतका फुगला की त्या बाजूचा कान बंद. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि नेमकी एका गाणाऱ्या बाईंची पेटी अर्धी राहिली. बाई दुपारी न्यायला येणार होत्या. वहिनीने दार लोटलं, कानस घेतली आणि उरलेली पेटी चिठ्ठ्या वाचून एकटीने लावली.

दुपारी आत्या गालाला रुमाल बांधून परतली, तर कारखान्यात मैफल. गाणाऱ्या बाई आल्या होत्या आणि दुसरा कान हवा म्हणून साखऱ्याला बरोबर घेऊन आल्या होत्या. बाईंनी गंधार धरला, पट्टी दाबली आणि थांबल्या.

“आत्याबाई, हा गंधार माझ्याकडे बघतसुद्धा नाही. धैवत तर पाठ फिरवून बसलाय. कुणी लावली ही?”

“मी,” वहिनी म्हणाली.

“तरीच. अहो, शिकाऊ हात अशा पेटीला कशाला लावू द्यायचा?”

साखऱ्याने हळहळ दाखवली. “होतं असं. वहिनींचा हात भात्यालाच बरा.”

वहिनीने कानस टेबलावर ठेवली, आणि ठेवण्याच्या आवाजावरूनच कळलं की ती आता पुन्हा उचलणार नाही.

आत्याने एका चांगल्या कानाने पट्ट्या ऐकल्या. जो उतरा हवा तो चढा, जो चढा हवा तो उतरा, आणि प्रत्येक लाट मात्र नावाला जागून अगदी मोजूनमापून. एवढं नेमकं काम तिने गेल्या वर्षभरात स्वतःही केलं नव्हतं. आता तोंड उघडावं तर लिपी साखऱ्याच्या खिशात. मिटून बसावं तर वहिनी जन्मभर भात्यावर. तिने रुमाल सोडला.

“पेटी चिठ्ठीबरहुकूम लागलीय. चिठ्ठ्याच खोट्या आहेत. बाण मी उलटे केलेत.”

“उलटे?” साखऱ्या एकदम पुढे आला. “म्हणजे आमची ती पेटी गिऱ्हाइकाने परत का आणली...” आणि तिथेच त्याची साखर विरघळली.

गाणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला पुन्हा नेटवर्क शोधावंसं वाटलं. ते शोधत तो रस्त्यावर गेला.

वहिनी जागची हलली नाही. “कानाला खटकत होतं मला, वन्सं. पण अक्षर तुमचं, म्हणून कानाला गप्प केलं. त्याला फसवायचं होतं ते समजलं. मला का नाही सांगितलंत?”

आत्याने कानस उचलून तिच्या हातात दिली.

“आता चिठ्ठ्या सगळ्या काढा आणि तुमच्या कानाने लावा. कानावर माझा कधीच संशय नव्हता. तुमच्या भावावर होता, आणि तो अजून आहे.”