गणपती ऑफरमधला कॅमेरा

कॅमेरा निवडायला मला एक वर्ष लागलं. तेवढ्या वेळात लोक बायको निवडून, लग्न करून, पस्तावून मोकळे होतात.

मी पेणहून धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. सोबतचा एक जण रोह्याचा. गळ्यात डीएसएलआर आणि अंगात मिलिटरीसारखे कपडे घालून हा गृहस्थ दर रविवारी कुंडलिकेच्या काठावर बगळे टिपतो. बगळा तासभर एका पायावर थिजलेला, तरी याचा फोटो हललेला. पण बोलायला लागला की आवरायचा नाही. आधी म्हणाला, "बॉडीच्या मागं लागू नको, सगळा खेळ लेन्सचा हाय." पुढच्या आठवड्यात म्हणाला, "डीएसएलआर मेला रे, आता मिररलेस." उथळ पाण्याला खळखळाट फार. आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत ते सगळं वहीत उतरवून घेत होतो.

मला कॅमेरा हवा होता एकाच फोटोसाठी. बाबा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती दुसरे घडवत, रंग तिसरेच देत, डोळे मात्र बाबांच्या हातचे. मागच्या वर्षी हंगाम संपल्यावर ते म्हणाले, "माझी नजर गेली. बुबुळाची कड लागत नाय. पुढचं साल करतो नि ब्रश खाली ठेवतो." आई म्हणाली, डॉक्टरला दाखवा. "वय झालं, त्याला डॉक्टर काय करनार हाय?" विषय संपला. मलाही ते पटलं. डोळा आखताना ते श्वास रोखून धरत, तेव्हाचा त्यांचा चेहरा मोबाईलवर कधी नीट आला नव्हता. शेवटच्या हंगामात तो खऱ्या कॅमेऱ्यात धरायचा, असं मी ठरवलं आणि स्वतःवरच खूश झालो.

मग माझं संशोधन सुरू झालं. रामवाडीच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघताना मी व्हिडिओ बघायचो. त्यातले पंडित विटांच्या भिंतीचे फोटो काढून दोन लेन्समधला फरक समजावतात. भिंतीचे! आयुष्यात एका माणसाचा धड फोटो काढला नसेल, पण विटेच्या कोपऱ्यातली धूसर रेघ यांना बरोबर दिसते. मीही ती रेघ शोधत बसायचो. एकदा त्या नादात बस चुकली.

इकडे कारखान्यात आखणी सुरू झाली. बाबांनी दोनदा विचारलं, "कॅमेरा घेनार होतास ना?" रोह्याच्या दुकानात मी मॉडेल पक्कंही केलं. दुकानदार म्हणाला, "थोडं थांबा, गणपती ऑफर येतेय. ट्रायपॉड फुकट." आणि मी थांबलो. पुण्या-मुंबईचा माणूस थांबला असता तर समजू शकतो. पण पेणचा माणूस, त्यातून आखणी करणाऱ्याचा मुलगा, गणपतीपर्यंत थांबला! गणपती घरोघर येतात तेव्हा कारखाना रिकामा झालेला असतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी खोकं घेऊन आलो, तोवर बाबांची शेवटची मूर्ती, आमच्या घरचीच, आखून झाली होती. ब्रश त्यांनी कारखान्यातल्या नव्या माणसाला देऊन टाकले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. ट्रायपॉड तेवढा फुकट मिळाला.

चतुर्थीला आरती झाल्यावर बाबा म्हणाले, "बघू तरी, काय आनलास." मी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, मूर्तीच्या चेहऱ्यावर फोकस केला आणि त्यांना बघायला सांगितलं. त्यांनी डोळा लावला.

"सगळं धुरकट हाय. फसवलान तुला दुकानदारानं."

डोळा लावतो तिथे बाजूला एक बारीक चाक असतं. ज्याची जशी नजर, तसं ते फिरवायचं. वर्षभरात शिकलेली तेवढी एकच गोष्ट उपयोगाला आली. मी ते हळूहळू फिरवत गेलो.

"थांब. आता हलवू नको."

बाबा बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "डावं बुबुळ खाली उतरलंय. कड पन फाटलीय. हे मी केलं?"

त्यांनी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी मूर्तीकडे पाहिलं आणि परत कॅमेऱ्याला डोळा लावला.

"ह्यातनं दिसतंय की रे मला."

नजर गेली नव्हती. नंबर लागला होता.

रामवाडीच्या थांब्यासमोर चष्म्याचं दुकान आहे. वर्षभर मी त्याच्याच पायरीवर बसून लेन्स निवडत होतो.