मामीचं वजन आणि चार पदरी दोर

आमच्या मामाचं उभं आयुष्य लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात गेलं. जिन्यातून न मावणारं सामान दोराने बांधून खिडकीतून खाली सोडावं ते त्यानेच. अंगाने नुसती काडी, पण अजून साधा आरसाही त्याच्या हातून फुटलेला नाही. नियम एकच, वजन कळल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. मालक हटकून कमी सांगत, मामा मनातल्या मनात भर घाली.

एका सकाळी नळाला पाणी येईना म्हणून मामी गच्चीवरच्या टाकीत डोकवायला चढली. उतरायच्या आधीच लोखंडी शिडी भिंतीतून उखडून खाली आली. टाकीचा चौथरा गच्चीपासून चांगला दोन पुरुष उंच, आणि मामीला स्टुलावरही गरगरतं. ती टाकीला मिठी मारून बसली. शेजारी जमले. सल्ले सगळ्यांकडे होते, शिडी कोणाकडेच नव्हती.

मामा खांद्यावर दोर टाकून पाइपावरून वर गेला. मांड्यांभोवती एकेक वेढा, कमरेला एक आणि पोटाशी गाठ, अशी बैठक करून तिला खाली सोडायचं त्याने ठरवलं. इथे तीस वर्षांची सवय नडली. सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "वजन किती?"

खाली सगळ्यांनी कान टवकारले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण हा आकडा मामीने डॉक्टरखेरीज कोणालाही कळू दिला नव्हता. आता मी इथेच राहीन, जेवण वर पाठवा, असं तिने बजावलं. मामा घुटमळला. मग त्यानेच खाली वाकून जाहीर केलं, पंचावन्न किलो. शेजारच्या काकूंना ठसका लागला.

मामी एकदाची उठली. मामाने दोर चार पदरी केला, तिला बांधलं, टाकीच्या खांबाला वेढे घेतले आणि वीत वीत दोर सोडत राहिला. मामी डोळे मिटून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सुखरूप खाली पोचली.

मामा उतरून आला तेव्हा ती दोराकडेच बघत होती.

"अहो, पंचावन्नाला चार पदर? लोखंडी कपाटाला तर तुम्ही दोनच लावता."

मामा तिच्या पोटाशी मारलेली गाठ सोडवायला गेला, पण त्याला स्वतःचीच गाठ सुटेना.

"पंचावन्न हा आकडा लोकांसाठी," तो म्हणाला. "आणि कपाट पडलं तर मालकाला दुसरं घेता येतं."

त्याचे हात बाजूला करून मामी स्वतःच गाठ सोडवायला लागली.