डाव्या पायाचा अंगठा

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात आमची पलटण बेळगावात होती. माझं गाव कंग्राळी, कॅम्पपासून सायकलनं अर्ध्या तासावर. घराजवळ पोस्टिंग म्हणजे शिपायाची चैन. मी नाईक, मॉर्टर प्लाटूनमध्ये. पाचला उठायचं, सहाला पीटी, आठपासून ड्रिल. मॉर्टरच्या, म्हणजे उखळी तोफेच्या, नळीखाली लोखंडी बेस प्लेट असते. फायरिंगच्या धक्क्यानं ती जमिनीत रुतते. जागा बदलताना ती उपटून काढावी लागते.

एका सकाळी दहाच्या सुमारास रेंजवर वायरलेसवरून हुकूम आला, "सीझ फायर. पोझिशन बदला."

मी वाकलो आणि कमरेतून हिसका दिला. प्लेट निघाली. मला मात्र सरळ होता येईना. कुल्ल्यापासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट लागल्यासारखी कळ गेली.

हॉस्पिटलात सर्जन मेजरसाहेबांनी तपासलं. मणक्यांमधली गादी सरकली होती आणि तिनं पायाकडे जाणारी नस दाबली होती.

"दोन्ही अंगठे वर उचल."

उजवा उठला. डावा हलला नाही.

"तीन आठवडे फिजिओथेरपी. लघवी अडली किंवा पाय आणखी ढिला पडला तर त्याच क्षणी सांगायचं. ताकद आली नाही तर पुण्याला ऑपरेशन. पुढचं मेडिकल बोर्ड ठरवील."

बोर्ड म्हणजे बहुधा फौजेतून घरी. माझं वय तेव्हा एकतीस होतं.

फिजिओथेरपीला हवालदार कांबळे होते. निपाणीजवळच्या खेड्यातले, आईवडील तंबाखूच्या वखारीत राबलेले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिले दोन दिवस त्यांनी मला नुसतं पालथं झोपवलं. तिसऱ्या दिवशी कोपरांवर छाती उचलायला लावली. मग हात सरळ करून, कंबर ढिली सोडून, दहा वेळा. दर दोन तासांनी. प्रत्येक वेळी एकच सवाल, "कळ कुठवर जातीया?"

"अंगठ्यापतोर, उस्ताद."

ते वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या पलंगाकडे जायचे.

पाचव्या दिवशी माझे वडील आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. जवळच्या मच्छे गावात कुणी एक जण पाठीवर पाय देऊन मणका बसवतो, असं त्यांनी ऐकलं होतं. ते मला न्यायलाच आले होते.

कांबळे आडवे उभे राहिले. "आप्पा, पाय द्यायचा आसंल तर आदी माझ्या पाठीवर द्या. ह्येची नस दबलीया. वरनं दाब पडला तर पाय कायमचा जाईल."

"आनि तुमच्या ह्या पालथं झोपण्यानं न्हाय गेला म्हंजे?"

"मेजरसाब रोज बघत्यात. मला धा दिवस द्या."

"धा दिवस," आप्पा म्हणाले आणि चालत बाहेर पडले.

नवव्या दिवशी माझी कंबर इतकी दुखायला लागली, की मी व्यायाम सोडून पडून राहिलो. सगळं संपलं असं वाटलं.

"उस्ताद, कंबरंचं दुखणं लई वाढलंया."

"आनि पोटरी?"

मी पायात कळ शोधली. पोटरीत नव्हती. मांडीतही जेमतेम.

कांबळे पहिल्यांदा हसले. "मग दुखू दे कंबर. दुखणं खालनं वर सराय लागलं, म्हंजे नस सुटाय लागली. चल, हात सरळ कर."

पंधराव्या दिवशी आप्पा आले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. येताना आणलेली शेंगांची पिशवी त्यांनी कांबळ्यांच्या टेबलावर ठेवली.

एकोणिसाव्या दिवशी, सकाळी साडेआठला, अंगठा उठला. अर्धा इंच असेल. कांबळ्यांनी वर बोट धरून दाबून बघितलं, तरी तो खाली गेला नाही. "सिस्टर, मेजरसाबास्नी बोलवा!" ते ओरडले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला असावा.

ऑपरेशन टळलं. सहा महिने लाइट ड्यूटी केली, बोर्डानं फिट ठरवलं आणि मी पलटणीत परतलो.

काही वर्षांनी कांबळे बर्फातल्या एका फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीजवळच्या लष्करी दवाखान्यात, होते. आजारी जवानाला खाली आणताना वरून हिमकडा सुटला. त्यांनी स्ट्रेचर खडकाच्या आडोशाला ढकललं. त्यांना स्वतःला तिथवर पोचता आलं नाही. वय एकोणचाळीस.

वर्षानंतर त्यांच्या स्मृतिदिनाला मी निपाणीला उतरून गावापर्यंत चालत गेलो. बुद्धविहारात वंदना झाली. नंतर एक कोवळा जवान पुढं आला. साताऱ्याकडचा. स्ट्रेचरवर तोच होता. तो कांबळ्यांच्या आईच्या पाया पडला.

म्हातारीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आता बरा हाईस न्हवं, बाळा?"

"व्हय, आई."

"मग बस. जेवून जा."