मापाच्या काठीची गुढी

कॉलेज संपवून मी एका लहानशा सर्व्हेच्या ऑफिसात लागले, तेव्हा नोएडात दर महिन्याला नवा सेक्टर उगवत होता. नकाशावर सरळ रेघांचे चौकोन, प्रत्यक्षात गव्हाचं शेत आणि मधोमध एक पाटी. त्या शेतांचे चढउतार मोजायचं काम आमचं, म्हणजे सरांचं. सर तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघून आकडे सांगायचे, मी ते वहीत लिहायचे. वर्षभर मी फक्त लिहिलं. मला ते बरं होतं, कारण लिहिणाऱ्याला बोलावं लागत नाही. तरी सर डबा खायला गेले की मी चोरून दुर्बिणीला डोळा लावायचे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सर एकदम म्हणाले, "कल रीडिंग तुम लोगी, मैं लिखूँगा. गड़बड़ हुई तो वापस कॉपी." कॉपी म्हणजे वही.

साइट दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या घरापासून जवळ, म्हणून दुर्बिणीतून वाचायची ती काठीही माझ्याच हाती दिली. तिला स्टाफ म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचे चार चौकोनी तुकडे, एकात एक बसणारे, अंगावर सेंटीमीटरच्या खुणा. मिटली की छातीएवढी, पूर्ण ओढली की चार मीटर. प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत आला की बटण टक् करून बाहेर येतं. टक् झालं नाही, तर वरचे सगळे आकडे खोटे. दुपारी दोनला ती घेऊन साइटवर पोचायचं होतं.

सकाळी मी न्हाऊन बाहेर आले, तर बाल्कनीत बाबा झब्बा घालून उभे, चेहऱ्यावर बढती मिळाल्यासारखा आनंद. आम्ही नुकतेच सरकारी क्वार्टरमधून या फ्लॅटमध्ये आलो होतो आणि गुढीचा बांबू तिकडच्या माळ्यावरच राहिला होता. बाबांनी माझा स्टाफ ओढून त्यालाच आईची जांभळी साडी नेसवली होती. वर कडुलिंब, साखरेची माळ, तांब्या, सगळं.

"बघ! इतकी वर्षं अंदाजपंचे उभी करत होतो. यंदा बरोब्बर दोन मीटर साठ!"

वरच्या मजल्याच्या बाल्कनीला लागू नये म्हणून त्यांनी तिसरा तुकडा अर्धाच काढून सुतळीने आवळला होता.

"बाबा, ते ऑफिसचं आहे."

"मग बरंच की. ऑफिसलाही पुण्य!"

 मी गुढीला नमस्कार केला.

साडेबाराला श्रीखंड-पुरी झाल्यावर मी हळूच म्हटलं, मला आता निघायला हवं, काठी हवी. आई म्हणाली, "सूर्यास्ताच्या आत गुढी उतरवायची नसते." बाबा त्यांच्या मंत्रालयातल्या ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत तात्पुरती उतरवू." साडी निघाली, तांब्या निघाला, सुतळी सुटली. बाबांनी तिसरा तुकडा आत ढकलला. हलला नाही. बाहेर ओढला. हलला नाही. आत नाही, बाहेर नाही, नेमका अर्ध्यात. स्टाफ तसाच साइटवर उभा केला असता, तर माझं पहिलं रीडिंग धडधडीत खोटं निघालं असतं.

मी घड्याळाकडे बघितलं. बाबांना मात्र स्फुरण चढलं. "तेल आण!" खोबरेल तेल आलं. मग तिळाचं. मग साबण. काठी गुळगुळीत झाली, बाबांचे हात गुळगुळीत झाले, तुकडा जिथल्या तिथे.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आंटी वर आल्या. त्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. गळ्यात शिट्टी सुट्टीच्या दिवशीही असायची.

"क्या चल रहा है, भाईसाहब? भाभीजी को डंडा मार रहे हो?"

"अरे नहीं बहनजी, त्योहार है हमारा."

"अच्छा, त्योहार में रस्साकशी भी है! पहले क्यों नहीं बोले? सरसों का तेल लाओ!"

मोहरीचं तेलही आलं. आंटींनी पदर खोचला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं बाबांना दिलं. आई बाबांच्या कमरेला धरून उभी राहिली. शिट्टी वाजली. "एक, दो, तीऽऽन!" तिघं दारातून जिन्यापर्यंत गेली आणि शिट्टीसरशी परत आली. बाबांचा हात सटकला, आई मागे सोफ्यावर जाऊन बसली, बाबा तिच्या मांडीवर. आंटी भिंतीला टेकून हसायला लागल्या. आई लाजून म्हणाली, "अहो, उठा!" बाबा म्हणाले, "उठू कसा? तूच धरलंयस!" मलाही हसू फुटत होतं आणि घड्याळाचा काटा एककडे सरकत होता.

काठी जमिनीवर पडली होती. मी तिच्याकडे बघत बसले. तीन तेलं आणि साबण माखलेल्या त्या काठीच्या एका सांध्यापाशी मुंग्यांची बारीक ओळ लागली होती. बाकी काठीकडे त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. मुंग्या तेलासाठी कशाला येतील? मग लक्षात आलं. इथे साखरेची माळ मिळाली नाही म्हणून आईने रात्री पाक करून ती घरीच केली होती. तांब्या धुऊन ओलाच पालथा घातला, ऊन लागलं, आणि माळ ओघळून सांध्यात उतरली. वर तेल ओतून आम्ही तो पाक नुसता झाकत होतो.

"साखर आहे," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. शिट्टी पुन्हा तोंडात गेली होती. बाबा पवित्रा घेऊन उभे होते.

"स्टॉप!"

शाळेतल्या मॉनिटरसारखा माझा आवाज निघाला. तिघंही पुतळे झाले. आंटींच्या तोंडातून शिट्टी पडली.

"ओढू नका. पाक गोठलाय आत. आंटी, चाशनी है इसमें. गरम पानी चाहिए."

"माझा पाक कच्चा नव्हता हं," आई लगेच म्हणाली.

"आई, पक्का असता तर वरच राहिला असता ना!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने रागाने पातेलं गॅसवर चढवलं, पण पाठमोरी तीही हसत होती. आम्ही काठी मोरीत तिरकी धरली, सांध्याला जुना टॉवेल गुंडाळला आणि त्यावर कढत पाणी ओतत राहिलो. पाणी आधी गढूळ आलं, मग चिकट. मी लाटण्याने टॉवेलवरून हळूहळू ठोकलं. आंटी कधी नव्हे त्या कुजबुजत होत्या, "आराम से, बेटा, आराम से." पाचव्या पातेल्याला मी तुकडा दोन बोटांनी ओढला. तो तेलातुपात न्हाल्यासारखा सर्रकन आला. टक्!

आंटींनी शिट्टी अशी वाजवली की समोरच्या ब्लॉकमधल्या बायका बाल्कनीत आल्या. बाबांनी मोरीतच टाळ्या पिटल्या. मी एकेक तुकडा साबणाने धुऊन, कोरडा पुसून, आतबाहेर करून पाहिला. टक्, टक्, टक्. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

गुढीसाठी आंटींनी घरून भालाफेकीचा बांबूचा भाला आणला. तो गुढीला इतका शोभला की आई म्हणाली, हा आता परत मिळणार नाही.

ऑटोवाले दिल्लीची बॉर्डर ओलांडून नोएडात यायला तयार नव्हते. आंटींनी मला स्कूटरच्या मागे बसवलं. खांद्यावर स्टाफ, पुढे शिट्टी आणि हॉर्न दोन्ही चालू. लोक वाट देत होते. मी मोठ्याने हसत होते आणि वाऱ्यात ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही शेतात पोचलो. काठी धरणाऱ्या मदतनिसाने दूर जाऊन ती उंच ओढली. मी दुर्बिणीला डोळा लावला. या दुर्बिणीत नेहमी दिसतात तसे आकडे उलटे दिसत होते, पण स्वच्छ, एकाखाली एक, कुठेही खोटे नाहीत. हसू दाबताना माझे खांदे हलत होते.

"पढ़ो," सर म्हणाले. वही त्यांच्या हातात होती.

मी वाचलं.

"सुनाई नहीं दिया." सरांनी कानामागे हात धरला.

मी श्वास घेतला आणि आंटींसारखी ओरडले, "दो पॉइंट छह चार पाँच!"

सरांनी कानामागचा हात खाली घेतला आणि आकडा लिहिला.